रिकामी वाटी परत करत नाहीत

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या बाथरूमचं छत गळायला लागलं. पावसाळ्यात गळलं असतं तर डोंबिवलीत कुणी मनावरही घेत नाही. पण ऐन थंडीत, पहिला तांब्या अंगावर घ्यायच्या आत मानेवर टप्‌कन गार थेंब पडला, तेव्हा प्लंबरला बोलवावंच लागलं. तो स्टुलावर चढला, अंगठ्याने एक पोपडा खरवडला, बोटांत चुरला आणि म्हणाला, "ताई, वरनं येतंय. वरच्यांचा नहाणी ट्रॅप गेलाय. कोबा फोडायला लागेल." उतरता उतरता त्याने आमच्याही नहाणीत बॅटरी मारली. "तुमचापण सांधा सुटत आलाय बरं का. खालच्यांकडं काय येतंय का, विचारून घ्या."

खालचे काही बोलले नव्हते. बोलले नाहीत म्हणजे येत नसणार, असा सोपा हिशेब करून मी त्याला वाटेला लावलं.

"जाऊन सांग की काकूंना," नवरा पेपरमागून म्हणाला.

"तू जा ना."

"तुझं जमतं त्यांच्याशी."

हेच तर दुखणं होतं. जमत नसतं तर मी तेव्हाच्या तेव्हा वर जाऊन दोन शब्द सुनावून आले असते. पण बावीस वर्षं आमची जादा किल्ली काकूंच्या फ्रीजवरच्या परडीत आहे. लेकीच्या दहावीच्या परीक्षेत मला ऑफिसातून सुट्टी मिळेना, तेव्हा दुपारचं गरम जेवण तिला काकूंनी वाढलंय. सासऱ्यांना रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा काका बनियनवर धावत खाली आले होते आणि तसेच रिक्षात बसले होते. अशा माणसांना 'तुमच्या बाथरूमचं पाणी माझ्या डोक्यावर पडतं' हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

तरी निघाले. मधल्या अठरा पायऱ्यांवर वाक्य घोळवत गेले. "काकू, एक छोटीशी गोष्ट होती." छोटीशी काढलं. गोष्टही काढलं. दारावरची बेल वाजवली तेव्हा हातात फक्त "काकू" उरलं होतं.

दार उघडलं. "अगं, ये ये! बरी आलीस, तुलाच हाक मारणार होते." काकू तशाच आत वळल्या आणि तिळाच्या वड्यांनी भरलेली स्टीलची वाटी माझ्या हातात दिली. वाटीच्या कडेवर काकूंच्या मुलाच्या मुंजीची तारीख कोरलेली. वर काकू हसून म्हणाल्या, "तिळगूळ घे, गोड गोड बोल."

आता सांगा, ज्या बाईने आत्ताच गोड बोलायचं बजावलंय, तिला नहाणी ट्रॅप कसा सांगणार? पाच मिनिटं बसले, काकांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि वाटी घेऊन खाली आले.

रात्री लेकीचा फोन आला. ती पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करते. त्यामुळे आमच्या घरात हल्ली साधी शिंकसुद्धा बिनविश्लेषणाची जात नाही. "आई, भावना उगाच नसतात," तिने सुरुवात केली. "भीती धोका दाखवते. कुणी तुझ्या हद्दीत शिरलं की राग तुला उठवतो. किळस शिळंपाकं तोंडात जाऊ देत नाही. तुला दारात नेमकं काय वाटलं, त्याला आधी नाव दे."

मी म्हटलं, "भीड."

पलीकडे शांतता. मग म्हणाली, "हे आमच्या पुस्तकात नाहीये."

मला बरंच वाटलं ते. पॉल एकमन नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ 1960 च्या दशकाच्या शेवटी वेगवेगळ्या चेहऱ्यांचे फोटो घेऊन पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत फोरे लोकांकडे गेला होता. राग, भीती, दुःख, आनंद, किळस आणि आश्चर्य या भावना चेहऱ्यावरून जगभर ओळखू येतात, असं तो सांगायचा. एवढ्या लांब जाण्याऐवजी डोंबिवली पूर्वेला उतरला असता तर सातवी मिळाली असती. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतमुनींचा हिशेब जास्त सढळ आहे. आठ स्थायी भाव, तेहेतीस व्यभिचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे, आठ सात्त्विक म्हणजे अंगावर उमटणारे, एकूण एकोणपन्नास. त्यात आळस आहे, झोप आहे, असूया आहे. लाजेसाठी व्रीडाही आहे. पण लाज आपली आपल्याला वाटते. भिडेला समोर माणूस लागतो, आणि तोही ज्याचं मीठ खाल्लंय असा. सात्त्विक भाव मात्र मला तंतोतंत लागू पडले. दारात थिजणं हा स्तंभ, कपाळावर घाम हा स्वेद, आणि 'काकू'नंतर आवाज चिरकला तो स्वरभेद. एका बेलमध्ये आठांपैकी तीन.

वाटी रिकामी परत करत नाहीत. हा नियम कुठे लिहिलेला नाही आणि तो मोडलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात त्या वाटीत गाजराचा हलवा घालून मी पुन्हा वर गेले. या वेळी वाक्य पाठ होतं. पण हातात हलवा धरून तक्रार करणं फार अवघड असतं. आवाजच लागत नाही. काकू म्हणाल्या, "कशाला गं एवढा त्रास," आणि वाटी धुऊन त्यात मोरावळा घालून मला परत दिली. मोरावळा पित्तावर चांगला, असंही म्हणाल्या. पित्त कशाने झालंय ते मी सांगितलं नाही.

फेब्रुवारीत मटारच्या करंज्या वर गेल्या. होळीला कटाची आमटी खाली आली, सोबत फडक्यात बांधलेल्या चार पुरणपोळ्या. पाडव्याला मी श्रीखंड नेलं आणि आंब्याची डाळ घेऊन आले. नवऱ्याचं वजन दोन किलोंनी वाढलं आणि गळतीबद्दलचं त्याचं मत सौम्य होत गेलं. "बादली लावलीये ना खाली? मग झालं तर."

इकडे छतावर ओलीचा डाग पसरत होता. पहिल्यांदा दिसला तेव्हा खालच्या डाव्या कोपऱ्यात जेमतेम सिंधुदुर्गाएवढा होता. महिनाभरात तो किनाऱ्याने वर सरकत रत्नागिरी, रायगड करत पालघरपर्यंत पोचला. मग घाट चढला. होळीच्या सुमाराला मराठवाडा भिजला, आणि पाडव्याला अंघोळ करताना वर बघितलं तर कोरडा राहिलेला फक्त विदर्भ. तिकडे पाणी पोचायला वेळ लागतो हे माहीत असल्यामुळे मी निश्चिंत होते.

मधल्या काळात सेक्रेटरींना विचारून झालं. त्यांनी उपविधी सांगितले. गच्चीतून गळलं तर खर्च सोसायटीचा, घराच्या आतल्या नळाचं गळलं तर ज्याचा त्याने करायचा. "तुम्ही लेखी द्या, मी नोटीस काढतो." काकूंना नोटीस! मी म्हटलं राहू दे, मी बोलते.

लेक वैतागली. तिने मला दमासिओची गोष्ट सांगितली. अंतोनिओ दमासिओ या मेंदूच्या डॉक्टरांचा एक रुग्ण होता. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेली. बुद्धी शाबूत, पण भावनांचा जोर गेलेला. डॉक्टरांनी पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तर हा माणूस डायरी उघडून जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांचे फायदे-तोटे सांगत बसला. हवामान कसं असेल, आधीच्या काय भेटी आहेत, सगळं. शेवटी डॉक्टरांनीच दुसऱ्या तारखेला या म्हणून सांगितलं, तेव्हा म्हणाला, ठीक आहे. "म्हणजे बघ," लेक म्हणाली, "काही वाटलंच नाही तर माणसाला ठरवताच येत नाही." मला तो गृहस्थ आमच्या सर्वसाधारण सभेतला वाटला. गेटला कोणता रंग द्यायचा यावर आम्ही दोन सभा घेतल्यात, आणि तिथे तर सगळ्यांच्या भावना भलत्याच शाबूत असतात.

"पण मला वाटतंय ना," मी म्हटलं, "भीड वाटतेय. तिचंही काही काम असेलच की."

असणार. एका जिन्याने वर्षानुवर्षं चढ-उतार करायची तर मनात येईल ते प्रत्येक वेळी बोलून चालत नाही. भीड हा त्याचा हप्ता. आपण तो निमूट भरत राहतो, आणि मग एका रात्री दोन वाजता कुणीतरी बनियनवर धावत येतं. प्रश्न एवढाच की मी हप्ते भरत होते आणि वर छत खाली यायला लागलं होतं.

एप्रिलच्या एका सोमवारी पाणी गडचिरोलीला पोचलं. आमच्या छताच्या त्या कोपऱ्याखाली, भिंतीवर, गिझरचं बटण आहे. डोक्याला तेल लावलेलं, गाउनवर टॉवेल, ऑफिसची घाई. बटणाला बोट लागलं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. हात मागे कधी घेतला ते कळलंसुद्धा नाही. मी दाराबाहेर उभी होते आणि दाराबाहेर उभी आहे हे मला नंतर समजलं. चार महिने मी एका वाक्याची तालीम करत होते, आणि भीतीने एक शब्द न बोलता अर्ध्या सेकंदात मला बाहेर काढलं. मेंदूतल्या ज्या गाठीचा यात मोठा हात असतो तिला अमिग्डाला म्हणतात. नाव ग्रीक बदामावरून पडलंय, आकार तसा असतो म्हणून. आईने लहानपणी भिजवलेले बदाम चारले ते स्मरणशक्तीसाठी. कामी आले ते असे.

आणि मग राग आला. हाताची झिणझिण उतरता उतरता तो पोटातून वर चढला. नवरा "अगं, काय झालं" म्हणेपर्यंत मी मुख्य दाराबाहेर होते. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने 1915 मध्ये लिहून ठेवलंय की संकटात शरीर दोनच गोष्टींची तयारी करतं, लढायची किंवा पळायची. मी चार महिने तिसरीच करत होते, 'बसते पाच मिनिटं'. त्या दिवशी पहिली केली. अठरा पायऱ्या नऊ ढांगांत चढले आणि बेल न वाजवता दारावर थाप मारली.

मधल्या पायरीवर लक्षात आलं होतं की हातात वाटी नाहीये. फार हलकं वाटलं.

"काकू, तुमचं बाथरूम गळतंय! जानेवारीपासून! आज मला शॉक बसला!" तेलकट केस, गाउन, टॉवेल, आणि आवाज असा की चौथ्या मजल्यावरचं दार उघडल्याचं ऐकू आलं. काकूंचा हात तोंडावर गेला. मग त्या दारातल्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला माहिती आहे गं."

"माहिती आहे?"

"डिसेंबरातच प्लंबर सांगून गेला. सगळा कोबा फोडायचा म्हणाला, आठ दिवस बाथरूम बंद. यांना तर जिना उतरवत नाही. कुठे नेऊ मी यांना आठ दिवस? म्हटलं, बघू. मग तू दारात दिसायला लागलीस. तू दिसलीस की माझ्या पोटात गोळा यायचा. आता ही बोलणार. म्हणून जे असेल ते वाटीत घालून द्यायचे. वाटी दिली की तू जायचीस."

मी तिथेच पायरीवर बसले. वड्या, मोरावळा, आमटी, आंब्याची डाळ. मला वाटत होतं शेजारधर्म चाललाय. ती काकूंच्या अपराधीपणाची गळती होती, आणि तिच्याखाली मी दर वेळी वाटी धरत होते. आतून काका ओरडले, "कोण आलंय? तिला चहा विचार!"

पुढचं सगळं आश्चर्य वाटावं इतकं सरळ झालं. त्याच संध्याकाळी इलेक्ट्रिशियनने ते बटण बंद करून टाकलं. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, त्याने काकूंच्या नहाणीत नीळ कालवलेलं पाणी भरून ठेवलं, आणि खाली माझा नवरा मान वर करून "अजून काही नाही, काही नाही" म्हणत असताना महाराष्ट्राच्या बरोबर मधोमध पहिला निळा थेंब सुटून त्याच्या कपाळावर पडला. नाम ओढल्यासारखा तो तिथून नाकावर उतरला. कोबा फुटला. आठ दिवस काका-काकूंच्या अंघोळी आमच्या बाथरूमात झाल्या. काका दिवसातून एकदाच उतरायचे, मी आणि नवरा दोन बाजूंनी धरून. गुडघ्यावरचा राग ते प्रत्येक पायरीला नाव ठेवून काढायचे. कामाच्या खर्चात आमचा काही वाटा हवा का, असं मी विचारलं तर काकू इतक्या रागावल्या की मला फार बरं वाटलं.

लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तुझ्यावर माझा प्रकल्प लिहू का?" तिलाही मी भिडेपोटी हो म्हटलं.

आता वरचं छत कोरडं आहे. रंग अजून द्यायचा आहे, महाराष्ट्र तसाच आहे, पण वाळलाय. मुंजीची वाटी घासून ओट्यावर पालथी घातली आहे. तिच्यात काय घालून पाठवायचं ते ठरत नव्हतं. दोन पदार्थ डोक्यात होते आणि मी त्या डायरीवाल्या गृहस्थासारखी उभी होते.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरची उभी होती. नवी नवी राहायला आलेली, तिशीतली मुलगी. कपाळावर घाम. जागच्या जागी थिजलेली. "काकू," ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, थेट आमच्या बाथरूमच्या दाराकडे.

गेले आठ दिवस आमच्या त्या नहाणीत चार माणसांचं पाणी गेलं होतं. माझ्या पोटात गोळा आला.

"अगं, ये ये! बरी आलीस," मी म्हटलं, आणि वाटी सुलटी करायला आत वळले.