पाचशेचा कुर्ता, अडीच हजारांचा कुर्ता

‘हाताने केलेले पर्यावरणपूरक कपडे म्हणजे पर्यटकांना लुटायचा धंदा. गोव्यात हातमाग कधी नव्हताच. पाचशेच्या कुर्त्याचे अडीच हजार घेतात आणि झाडपाल्याचा रंग पहिल्या धुण्यात जातो.’ हा मेसेज मला महिनाभरात सात ठिकाणांहून आला. गोव्यात डिचोलीला आम्ही चौघीजणी असेच झाडपाल्याच्या रंगाचे कपडे करतो, म्हणून लिहिते आहे.

हातमाग नव्हता, तर खांद्यावर गाठ मारून नेसायची गोव्यातल्या कुणबी बायकांची तांबडी चौकड्यांची साडी आली कुठून? माग थंडावले हे खरं. आमचंही कापड आज कर्नाटकातल्या विणकरांकडून येतं. पण विसरत चाललेली ती साडी गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा लोकांसमोर आणली, ती नव्याने शोधून काढली नव्हती.

भावाचा आकडा खरा आहे. साधं कापडही विणकर दिवसाला चार-पाच मीटरच विणतो, आणि कुर्त्याला अडीच मीटर लागतं. म्हणजे कात्री लावण्याआधीच कुणाचा तरी अर्धा दिवस त्यात गेलेला असतो. मग रंगाचे तीन दिवस. जुलैत आठ, कारण कापड वाळत नाही, बुरशीचे ठिपके पडतात. पाचशेत एवढी मजुरी कुणाची कापली जाते? २०१३ मध्ये ढाक्याजवळ कपड्यांच्या कारखान्यांची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून जास्त माणसं गेली. ती जगभरच्या दुकानांसाठी स्वस्त कपडे शिवत होती.

आता रंग. हळद उन्हात उडते, साबणाने लाल होते. चुना लागला की हळदीचं कुंकू होतं, तसंच. म्हणून नुसत्या हळदीत रंगवलेलं आम्ही विकत नाही. मंजिष्ठेचं, म्हणजे जिच्या मुळांतून लाल रंग निघतो त्या वेलीचं, तसं नाही. सुती कापड आधी सोड्यात उकळून खळ काढायची, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, मग तुरटीत, आणि शेवटी मंजिष्ठेच्या मुळांबरोबर मंद आचेवर ठेवायचं. हिरड्याविना सूत तुरटी नीट धरत नाही, तुरटीविना मंजिष्ठा बसत नाही. कुणी घाईत एक पायरी गाळली की रंग धुण्यात जातो, आणि नाव झाडपाल्याचं खराब होतं. झाडपाल्याचं सगळंच निर्धोक, असंही मी म्हणणार नाही. रंग पक्का करायला काही जण मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात; ते पाणी ओहोळात गेलं तर मासे मरतात. आमच्याकडे मोरचूद येत नाही.

माझी मंजिष्ठेची पहिली ओढणी सहा वर्षांची झाली. थोडी फिकटली आहे, पण लाल आहे. रंग जातो म्हणणाऱ्यांनी येऊन हातात घेऊन बघावी.