कार्य सिद्धीस नेण्यास

भाची दातांची एमडीएस करते आणि मी गोव्यात डिचोलीच्या शाळेत तेहतीस वर्षं मराठी शिकवलं, एवढ्या एका गुन्ह्यासाठी तिने मराठी करायला माझ्यापुढे चौदा इंग्रजी प्रश्न टाकले. "मामा, अर्ध्या तासाचं काम." त्या अर्ध्या तासाचा आता तिसरा महिना चालू आहे.

प्रश्न ऑस्ट्रेलियाचे. दातांपायी माणसाच्या जगण्याचं काय होतं हे मोजायला तिकडे अ‍ॅडलेडमध्ये ६४ रुग्णांशी बोलून ४९ प्रश्न केले, १९९४ साली. १९९७मध्ये त्यांतले १४ ठेवले. उत्तराला शून्य ते चार गुण, म्हणजे ५६ पडले की तोंडाचा निकाल लागला. पद्धतही कडक: एकाने मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून भांडायचं.

हा दुसरा म्हणजे पुण्याचा माझा साडू. 'रिलॅक्स होणं जड गेलं का' याचं मी मनापासून 'सुशेगाद बसता आलं नाही, असं झालं का?' केलं. पुण्याहून परत आलं, 'आळस करता आला नाही का?' पुण्याला दुसरं काय सुचणार!

अवघडल्यासारखं वाटणं वेगळं, ओशाळणं वेगळं, असे तिकडे दोन प्रश्न. मी दोन्हीकडे 'संकोच' लिहून मोकळा झालो होतो. भाचीने लाल पेनने गोल केला. तेहतीस वर्षं जे मी पोरांना केलं ते.

मग चाचणी. शेजारच्या माई, वय अठ्ठ्याहत्तर, घरात कोकणी, वाचायला मराठी. 'गेल्या बारा महिन्यांत' म्हटल्यावर त्या नुसत्या बघत राहिल्या. 'गेल्या चवथीपासून' म्हटल्यावर गाडी सुटली.

"दातांमुळे लाज वाटली का?"

"लाज कसली? मी काय चोरी केली?"

शेवटचा प्रश्न मी मोठ्या ऐटीत उतरवला होता: 'कोणतेही कार्य करणे अशक्य झाले का?'

"कार्यं सगळी झाली रे. धाकट्याचं लग्न डिसेंबरातच नाही का उरकलं? जेवलास की तू."

'क्वचित' आणि 'अधूनमधून' यांतला फरक सांगताना मात्र माझाच घसा सुकला. शेवटी माईंनीच सोडवलं: "सोमवारी मासे, ते क्वचित. पाहुणा आला तर."

"खाताना त्रास होतो?"

"कधीच नाही."

हे सांगताना त्या कडक उंडो, म्हणजे आपला गोव्याचा गोल पाव, फोडत होत्या. आतला मऊ गर चहात बुडवून तोंडात, आणि वरचं कवच पायरीवरच्या कुत्र्याला. एक तुकडा, दुसरा तुकडा. कुत्रं कडाकडा चावत होतं.

"माई, कवच?"

"ते आता पंधरा वर्षं खात नाही. खाल्लं तर दुखेल ना!"

चौदाही प्रश्नांत माईंना शून्य. अ‍ॅडलेडच्या हिशेबाने डिचोलीतलं सगळ्यात सुखी तोंड. मला राहवेना. यादीत नसलेला प्रश्न मी आपला विचारला, "माई, खायचं काय काय सोडलंत?"

त्यांनी कप खाली ठेवला. "चणे. कुर्ली. पेरू. भाजलेल्या काजूबिया. ऊस तर कधीचाच. सुका बांगडा..." मी कागद उलटा केला. "लिहितोस ना? सुपारी राहिली बघ."