शेक्सपिअरच्या नावावरचे सतराशे शब्द

'शेक्सपिअरने इंग्रजीला १७०० नवे शब्द दिले, त्याच्याइतका शब्दसाठा दुसऱ्या कोणाकडे नव्हता आणि तो अगडबंब सत्तावीस अक्षरी शब्दही त्याचाच', अशा आशयाचा मजकूर एप्रिलमध्ये त्याची पुण्यतिथी जवळ आली की हमखास फिरू लागतो. त्यातला एकही दावा जसाच्या तसा टिकत नाही.

आकड्याचे मूळ मुख्यतः ऑक्सफर्डच्या बृहद्कोशात आहे. १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने निघालेल्या त्या कोशासाठी स्वयंसेवक जुनी पुस्तके वाचून उतारे चिठ्ठ्यांवर पाठवत, आणि हाती आलेला सर्वांत जुना उतारा शब्दाखाली आधी छापला जाई; त्या उताऱ्याचा लेखकच मग शब्दाचा जनक समजला गेला. शेक्सपिअर घरोघरी वाचला जात होता, त्याच्या नाटकांची शब्दसूचीही १८४५ पासून उपलब्ध होती. त्याचा समकालीन लेखक टॉमस नॅश याच्या वाट्याला इतके बारकाईचे वाचन आले नाही, हे अभ्यासक युर्गेन शेफर यांनी १९८० साली दाखवून दिले. पुढे जुनी छापील पुस्तके संगणकावर धुंडाळता येऊ लागली, तेव्हा शेक्सपिअरच्या खात्यावरच्या अनेक शब्दांचे आधीचे दाखले सापडले. 'महापौर', 'दिनांक' हे पर्याय सावरकरांनी हेतुपुरस्सर सुचवले असे आपण म्हणतो, कारण भाषाशुद्धीची ती उघड चळवळच होती. शेक्सपिअरने मात्र शब्द घडवल्याचा दावा कुठेही केलेला नाही.

शब्दसाठ्याबाबत थोडक्यात सांगायचे तर, ३१,५३४ हा जो आकडा दिला जातो तो शब्दरूपांचा आहे, म्हणजे एकाच शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन त्यात वेगवेगळे धरलेले आहे.

'ऑनरिफिकॅबिलिट्यूडिनिटॅटिबस' या लांबलचक शब्दाची गोष्ट अधिक गमतीची आहे. 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या नाटकात कॉस्टर्ड हा विदूषक चिमुकल्या मॉथला म्हणतो, की तुझ्या धन्याने तुला शब्द समजून गिळले कसे नाही, कारण उंचीने तू या शब्दाएवढासुद्धा भरत नाहीस. हा टोमणा पंडितांच्या लॅटिन पोपटपंचीला आहे आणि शब्दही मध्ययुगीन लॅटिनमधलाच आहे. त्याच्या एका रूपाची दखल इटालियन कवी दान्तेने चौदाव्या शतकाच्या आरंभीच घेतली होती. प्रेक्षकांना तो ओळखीचा नसता, तर विनोद फुकट गेला असता.

मग शेक्सपिअरचे स्वतःचे असे काय, हे पाहायला 'मॅकबेथ' उघडावे. 'इन्कार्नडाइन' हे मांसवर्णी रंगाचे विशेषण आधीपासून होते. त्याने त्याचे क्रियापद केले. राजा डंकनचा खून करून आलेला मॅकबेथ रक्ताळलेल्या हातांकडे पाहत म्हणतो, की समुद्राने हे हात धुतले जायचे नाहीत, उलट हेच हात अथांग सागरांना लाल करतील. या भारदस्त क्रियापदापाठोपाठ, हिरव्याचे सगळे एकच तांबडे होईल, हा अर्थ तो अगदी साध्या, घरगुती इंग्रजीत पुन्हा सांगतो. ग्लोब नाट्यगृहात एक पेनी देऊन अंगणात उभ्या राहणाऱ्याला पहिला शब्द कळला नसेल, तरी पुढच्याच पाच शब्दांत समुद्र कोणत्या रंगाचा झाला ते त्याला कळत होते.