आधी विचारा तरी, काय लागतंय

सीना नदीकाठच्या एका पूरग्रस्त गावात मदत घेऊन गेलो होतो. घरी येऊन दोन तास झाले तरी राग जाईना, म्हणून लिहितोय.

शाळेच्या व्हरांड्यात सत्तरीचे एक बाबा. हातात किटची पिशवी, पिशवीवर कुणाचा तरी हसरा फोटो. मोबाईलवालं पोरगं म्हणतंय, "बाबा, पिशवी वर धरा, साहेब दिसू द्या." बाबांनी धरली. हात थरथरत होता. मग मला हळूच म्हणाले, "लेका, कडबा हाय का रं गाडीत? म्हस उपाशी हाय." आमच्या गाडीत बिस्किटं आणि जुने कपडे. मीही विचारून गेलो नव्हतोच.

३० सप्टेंबर १९९३. किल्लारीशेजारचं आमचं गाव. रात्री गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या सुमाराला भूकंपात घर गेलं. मी सात वर्षांचा. पुढं पत्र्याच्या शेडसमोर ट्रक यायचे, कपड्यांचे ढीग पडायचे. पीठही मिळालं. पण तवा ढिगाऱ्याखाली! आई पत्र्याच्या तुकड्यावर भाकरी भाजायची, बोटं पोळायची. एके दिवशी उमरग्याकडच्या एक बाई आल्या, आईजवळ उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "काय लागतंय माय तुला?" तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. आई म्हणाली, तवा.

पहिल्या दोन दिवसांत विचारत बसायला वेळ नसतो, मान्य. फोटोशिवाय देणगी येत नाही म्हणतात. असेल. पण त्या म्हाताऱ्या माणसाला हात वर करायला लावायचा?

आणि सरकार! नवरात्र बसलं आणि नदी घरात शिरली. सोयाबीनला जागेवर मोड आलेत. माती खरवडून गेलीय, खाली नुसता मुरूम. कोरडवाहूला नुकसानभरपाईचा निकष २०२५ ला हेक्टरी ८,५०० रुपयांचा होता. त्यात नुसता बांध तरी घालून होतो का?

कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्या पोरांना मात्र हात जोडतो. पुरात काय जातं हे त्यांना २०१९ ला कळलंय. ती पोरं आधी फोन करतात.

दुसऱ्या दिवशी त्या बाई तवा घेऊन आल्या. सोबत उलथनं. मी मागं उभा होतो. घर गेलं तेव्हा न रडलेली आई तवा मांडीवर घेऊन रडली. तो तवा अजून आमच्या चुलीवर आहे.

मघाशी गावात फोन लावला. कडबा, मुरघास, ताडपत्री, पोरांना वह्या, बायकांना पॅड. आणि हो, तवे. १४ घरांत तवा नाही. परवा सकाळी गाडी निघतेय, ज्याच्याकडं कडबा असेल त्यानं इनबॉक्समध्ये या.