ग्युंटर राल यांच्या स्वाक्षरीच्या छायाचित्राविषयीच्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्याकडून घेतलेल्या, दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वैमानिक ग्युंटर राल यांच्या स्वाक्षरीच्या छायाचित्राला एक तारा देऊन ‘सरळसरळ फसवणूक’ असा शेरा मारला आहे. आपले म्हणणे असे, की सही फेल्ट पेनने केलेली आहे, कागद अतिनील दिव्याखाली निळसर चमकतो, सही युद्धकाळातील नमुन्याशी जुळत नाही, सोबत प्रमाणपत्र नाही, संकेतस्थळावरील चित्रात त्यांच्या पदकाचा मधला भाग झाकलेला होता, जर्मनीत हेच स्वस्त मिळते आणि नाझी राजवटीच्या सैनिकांच्या सह्या विकणे मुळातच शोभत नाही. हा अभिप्राय इतर संग्राहकही वाचतील, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

आपण केलेल्या दोन्ही तपासण्या योग्य आहेत आणि त्यांचे निकालही बरोबर आहेत. छायाचित्राचा कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात रसायने मिसळण्याची पद्धत १९५० च्या दशकापासून रुळली, त्यामुळे अतिनील दिव्याखाली असा चमकणारा कागद युद्धकाळातला असू शकत नाही. हल्लीचे फेल्ट पेन तर त्याहूनही नंतरचे. परंतु यावरून एवढेच सिद्ध होते, की प्रत आणि सही युद्धानंतरची आहे, आणि वस्तूच्या वर्णनात पहिल्याच ओळीत आम्ही ‘जुन्या छायाचित्राची युद्धोत्तर प्रत, राल यांनी स्वहस्ते केलेली सही’ असे लिहिले होते. युद्धोत्तर सही आणि नकली सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राल युद्धातून वाचले, १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या नव्या सैन्यात दाखल झाले, १९७१ ते १९७४ या काळात तेथील हवाई दलाचे प्रमुख होते आणि २००९ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी वारले. २७५ विमाने पाडल्याची नोंद नावावर असलेल्या या वैमानिकाला अनेक देशांतले संग्राहक वर्षानुवर्षे पत्रे पाठवत असत. पत्रासोबत छायाचित्राच्या दोन प्रती, परतीचा लिफाफा आणि उत्तराच्या टपालखर्चासाठी आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन घालायचे; एक प्रत त्यांनी ठेवून घ्यावी आणि दुसरी सही करून परत पाठवावी, असा रिवाजच पडला होता. एरिश हार्टमान (मृत्यू १९९३), आडोल्फ गॅलँड (मृत्यू १९९६) या त्याच युद्धातील जर्मन वैमानिकांच्या बाजारात फिरणाऱ्या सह्यांतही मोठा वाटा युद्धानंतरच्याच सह्यांचा आहे.

खरी धास्ती बाळगायची ती युद्धात मेलेल्यांच्या सह्यांची. जर्मन वैमानिक हान्स-योआखिम मार्साय ३० सप्टेंबर १९४२ रोजी इजिप्तमध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी गेला. पाणबुडीचा कप्तान ग्युंटर प्रीन त्याच्याही आधी, १९४१ मध्ये. त्यांची अस्सल सही युद्धकाळातलीच असायला हवी, ती दुर्मिळ असते आणि म्हणूनच नकला करणाऱ्यांचा डोळा तिच्यावर असतो. आपला अतिनील दिवा तिथे लाखमोलाचा ठरेल.

सही जुळत नाही या मुद्द्याबद्दल सांगायचे, तर पंचविशीतला वैमानिक आणि पंचाहत्तरीतला निवृत्त सेनानी यांचे अक्षर एकसारखे निघाले असते, तर उलट मलाच शंका आली असती. तुलना नेहमी त्याच दशकातील नमुन्यांशी करावी लागते. छायाचित्र तिरप्या उजेडात धरून दहापट भिंगातून पाहावे: गुळगुळीत कागदावर शाई वरच्या थरावर बसलेली दिसते, एक रेघ दुसरीला छेदते तिथे रंग गडद होतो आणि शेवटच्या फटकाऱ्याला पेन उचलताना टोक विरळ होत जाते. छापील सहीत यातले काहीच नसते. तिथे भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसते. बिचकत, थांबत गिरवलेल्या सहीत मध्येच शाईचे थेंब साचतात. आपल्या प्रतीवर असे साचलेले थेंब दाखवलेत तर मी वाद घालणार नाही.

प्रमाणपत्र आम्ही मुद्दाम देत नाही. रंगीत कागदावर सोनेरी शिक्का मारून कोणताही विक्रेता ते छापू शकतो, आणि नकली माल बहुधा अशाच भारदस्त कागदासोबत येतो. त्याऐवजी आपल्याला मूळ परतीचा लिफाफा दिला आहे. त्यावर जर्मन टपाल खात्याचा शिक्का आहे आणि तिकिटे पेनिगमधली आहेत, म्हणजे २००२ मध्ये युरोची नाणी-नोटा चालू होण्याआधीची. अभिप्रायात आपण या लिफाफ्याचा उल्लेखही केलेला नाही, याचे मला आश्चर्य वाटले.

झाकलेल्या पदकाचे कारण साधे आहे. हे छायाचित्र आम्ही जर्मनीतील लिलावातून घेतले आणि संकेतस्थळावरील चित्र त्याच सूचीतले होते. जर्मन दंड संहितेच्या ८६ अ या कलमान्वये नाझी स्वस्तिकाच्या (पदकाच्या मधोमध तेच आहे) जाहीर प्रदर्शनावर बंदी आहे. इतिहास, संशोधन इत्यादींसाठी सवलत असली, तरी तेथील लिलावदार सहसा धोका पत्करत नाहीत. १९५७ च्या कायद्यानंतर खुद्द पदकधारकांनाही नाइट्स क्रॉस, म्हणजे नाझी काळातले हे शौर्यपदक, वापरायचा, तर स्वस्तिक काढून त्या जागी ओकची पाने घातलेलाच वापरावा लागे. आपल्या हाती आलेल्या प्रतीवर काहीही झाकलेले नाही, हे आपण पाहिलेच आहे.

शेवटचा आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही. याच सैन्याशी लढताना १० जुलै १९४४ रोजी इटलीत मराठा रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे ठाऊक असलेल्या माणसाने या सह्यांचे गोडवे गाऊ नयेत आणि आम्ही ते गात नाही. सुमारे ७,३०० जणांना नाइट्स क्रॉस मिळाला, त्यांत पुढे लोकशाही सैन्यात सेवा करणारे होते, तसे अखेरपर्यंत हिटलरची भलामण करणारेही होते. युद्धातला वैमानिक हान्स-उलरिश रुडेल दुसऱ्या प्रकारातला. १९७६ मध्ये पश्चिम जर्मन हवाई दलाच्या मेळाव्याला त्याने लावलेल्या हजेरीचे समर्थन करताना दोन सेनापतींना पद गमवावे लागले. त्याची सही आम्ही ठेवत नाही, मागणी कितीही असली तरी. प्रत्येक वर्णनात संबंधिताचे युद्धानंतरचे राजकारणही नोंदवतो, त्यामुळे काही गिऱ्हाइके नाराज होतात, तर होवोत.

जर्मनीत हेच स्वस्त मिळते, हे खरे. लिलावाचे कमिशन, टपाल आणि सीमाशुल्क जमेस धरले की फरक समजतो.

एवढे होऊनही छायाचित्र नको असल्यास परतीची मुदत अजून संपलेली नाही. पूर्ण रक्कम मिळेल. मात्र लिफाफा सोबत यायला हवा आणि त्यावरची तिकिटे सोडवलेली नसावीत.