शीट सोडा!

सोलापुरात पाणी ही बातमी असते. नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी येतं, तेही कधी पहाटे तीनला, कधी रात्री अकराला, आणि आलं की गल्लीत "आलं गं, आलं!" अशी आरोळी उठते. अशा गावात जन्मून, सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी शिडाची होडी शिकायला निघालो. आई एवढंच म्हणाली, "भरायच्या दिवशी घरात नसतोस, आणि पोहायच्या दिवशी मात्र तयार!"

याचं मूळ चाटी गल्लीतल्या माझ्या चादरींच्या दुकानात आहे. नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ साठ बाय नव्वद इंचांच्या चार चादरींसाठी घासाघीस करत होते. बोलता बोलता म्हणाले, "तुम्ही शीट विकता, आम्ही शीट ओढतो." मी म्हटलं, "म्हणजे हँडलूम का पॉवरलूम?" ते इतके हसले, की मी डझनाचा भाव लावून टाकला. मग कळलं, ते हिप्परग्याच्या तलावावर रविवारी मुलांना होड्या शिकवतात. "तुम्हीपण या की." चादरी स्वस्त गेल्या आणि वर मीही गेलो.

क्लब म्हणजे पत्र्याची शेड, दोन लेझर (एका माणसाच्या शिडाच्या होड्या), मुलांसाठी तीन ऑप्टिमिस्ट नावाच्या छोट्या होड्या आणि एक विंडसर्फिंगचा बोर्ड. 'इथे समुद्र कुठाय' असं कुणी म्हटलं की नौदलवाल्या सरांचं उत्तर तयार असतं. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरला शिडाच्या होडीत रौप्य मिळालं, इबाद अलीला विंडसर्फिंगमध्ये कांस्य. दोघंही मध्य प्रदेशातले, भोपाळच्या तलावावर तयार झालेले. "भोपाळला कुठं समुद्र आहे?" यावर बोलायला काही उरत नाही. हिप्परग्याचा तलावही इंग्रजांनी दुष्काळी मुलखाला पाणी मिळावं म्हणून बांधलेला. त्यात सोलापूरकर मुद्दाम जाऊन बुडेल, ही कल्पना त्यांना नसावी.

मी आधी शिडाला हात लावला. बोटांत कापड चोळल्याशिवाय आमच्या धंद्यात पुढचं बोलणं होत नाही. पॉलिएस्टर, वीण घट्ट, ताण दिला तरी हलत नाही. लेझरचं शीड 7.06 चौरस मीटरचं. मी मनात हिशेब केला: साठ बाय नव्वदच्या दोन चादरी, वर एक हातरुमाल. एवढ्या कापडावर माणूस आशियाई स्पर्धेत जातो, आणि आमच्याकडे चार चादरींत दोन पाहुणे झोपतात.

मग भाषेचा घोळ. शीड म्हणजे कापड. शीट म्हणजे त्या कापडाला ताणून धरणारी दोरी. ज्याच्या घरी तीन पिढ्या शीट म्हणजे चादर, त्याला हे सांगणं म्हणजे भाकरीला पाणी म्हणण्यासारखं आहे. सर ओरडायचे, "शीट ओढा!" मी शिडाचा काठ ओढायचो. त्यात सुकाणूचा दांडा उलटा. तो डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. अठ्ठावीस वर्षं पार्क चौकातून दुचाकी चालवणाऱ्या माणसाचे हात हे मानत नाहीत. शिडाखालचा आडवा दांडा, ज्याला बूम म्हणतात, तो वळताना डोक्यावरून जातो. नावाप्रमाणे आवाजही करतो. शेजारच्या ऑप्टिमिस्टमध्ये दहा वर्षांची एक मुलगी फिरत होती. ती दर दोन मिनिटांनी ओरडायची, "काका, डोकं!" मी वर बघायचो, आणि तिथंच चूक व्हायची.

सरांनी एकच नियम दहा वेळा सांगितला होता. घाबरलात की शीट सोडायची. दोरी सुटली की शीड मोकळं फडफडतं, वारा निघून जातो, होडी जागीच शांत होते. सोपं आहे. पण मी व्यापारी माणूस. गिऱ्हाईक उठून चाललं की आम्ही चादरीचं टोक आणखी घट्ट धरतो. ऑगस्टचा वारा आला, होडी कलली, सर किनाऱ्यावरून "शीट सोडा!" म्हणाले आणि मी दोन्ही हातांनी, दातांच्या जोरावर, ती धरली. होडी इतक्या शांतपणे आडवी झाली, की मला वाटलं मुद्दाम केलं.

उलटलेली लेझर सरळ करायची रीत आहे. होडीखाली एक फळी असते, तिच्यावर उभं राहायचं आणि होडीचा काठ धरून मागं रेलायचं. नुसती होडी 59 किलोची, मी 84 चा, म्हणजे गणित माझ्या बाजूनं. डोलकाठी पाण्यातून वर आली, मी आनंदानं आत उडी मारली, आणि होडी दुसऱ्या बाजूला उलटली. सर बोटीतून जवळ येऊन बघतात, तर माझ्या मुठीत काय? शीट. "अहो शेठ, सोडा की आता!"

विंडसर्फिंगबद्दल थोडक्यात. त्यात सुकाणूच नसतं, शीडच पुढं-मागं झुकवून बोर्ड वळवायचा. आधी पाण्यात पडलेलं शीड दोरीनं ओढून उभं करायचं. शिडावर पाणी साचलेलं, पायाखाली बोर्ड सरकतोय, आणि सर म्हणतात पाठ ताठ ठेवा, गुडघे वाका. मला लहानपणच्या विहिरीतला पोहरा आठवला. फरक इतकाच, की पोहरा वर आल्यावर माणूस विहिरीत जात नसे. सतरा वेळा पडलो. अठराव्यांदा शीड उभं राहिलं, मी उभा राहिलो, आणि वारा पडला.

तिसऱ्या रविवारी मात्र लेझर चालली. चाळीस सेकंद, सरळ, पाण्यावर रेघ मारल्यासारखी. बगळे उडाले. मी ओरडलो. फक्त परतीचा विचार केला नव्हता. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही. दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांचा पट्टा बंद असतो, त्यामुळे वर जायचं तर नागमोडी, कधी डावं कधी उजवं. हे मला जमायला हवं होतं, कारण चाटी गल्लीत उधारी मागायची हीच पद्धत आहे. आधी तब्येत, मग पाऊस, मग मुलीचं लग्न, मग उधारी. पण दर वळणाला मी वाऱ्यासमोर अडकायचो आणि होडी मागंच जायची. शेवटी पलीकडच्या काठाला, म्हशींच्या मध्ये लागलो.

म्हशींचा मालक बराच वेळ बघत होता. "कुठनं आलाव?"

"त्या बाजूनं."

"मग एस्टी हाय की," तो म्हणाला, आणि म्हशीच्या पाठीवर पाणी मारू लागला.

सरांनी दोरी बांधून ओढत आणलं. छोटी मुलगी सोबत करत होती आणि या वेळी सवयीनं नाही, दयेनं म्हणत होती, "काका, डोकं."

घरी आलो तर अंगाला शेवाळाचा वास. बायको म्हणाली, "नळ सकाळी येऊन गेला. दीड बादली आहे, त्यात भांडीपण आहेत." मी एका तांब्यात अंघोळ उरकली आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलो. दोरीवर आमचीच एक चादर वाळत होती. तेवढ्यात पश्चिमेकडून वारा आला, चादर फुगली, एका टोकाचा चिमटा उडाला, आणि मी धावत जाऊन तिचा काठ पकडला. झकास फुगली होती. मी नकळत मागं रेललो, पाय टेकवले, कोन बघितला.

खालून बायकोचा आवाज आला, "अहो, फाटेल ती! सोडा!"

या वेळी मी ताबडतोब सोडली. ती शेजारच्या गच्चीवर गेली.