पंतप्रधानांची तार आणि गरिंचाची अंतिम लढत

फुटबॉलमध्ये एखाद्या मोठ्या खेळाडूला शिक्षा झाली की मराठी ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: क्रिकेटसारखं फुटबॉलमध्ये चालत नाही, फिफा राजकारण्यांना लुडबूड करू देत नाही. कुणी केलीच तर देशालाच निलंबित करते, २०२२ मध्ये भारताला केलं तसं. म्हणून तिथली शिक्षा पंतप्रधानांच्या फोननेसुद्धा बदलत नाही.

पहाटेपर्यंत जागून सामने बघणाऱ्या आमच्यासारख्यांना हे ऐकायला बरं वाटतं. पण एकेक वाक्य हातात घेतलं की निसटायला लागतं. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो.

“पंतप्रधानांच्या फोननेही शिक्षा बदलत नाही”

१९६२ मध्ये फोन नाही, तार गेली होती. विश्वचषक चिलीत होता. पेले दुखापतीमुळे बाहेर बसलेला, त्यामुळे ब्राझीलचा सगळा भार गरिंचावर. १३ जूनला सँटियागोत चिलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने दोन गोल केले, ब्राझील ४-२ ने जिंकलं. पण सामना संपत आला असताना सतत पायावर मारणाऱ्या एलादिओ रोहासला त्याने मागून गुडघा हाणला. पेरूचे पंच आर्तुरो यामासाकी यांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. लाल-पिवळी कार्डं तेव्हा नव्हती, ती १९७० मध्ये आली. बाहेर काढलेल्या खेळाडूचं पुढे काय करायचं, हे फिफाची शिस्तपालन समिती ठरवायची.

अंतिम सामना चारच दिवसांवर होता. ब्राझीलचे पंतप्रधान टँक्रेडो नेव्हिस यांनी फिफाला तार करून गरिंचाला खेळू द्या अशी विनंती केली. पेरूच्या राष्ट्राध्यक्षांनीही आपल्या पंचांशी बोलणं केलं, असं सांगतात. आणि ज्याने तो प्रकार पाहिला होता तो उरुग्वेचा सहायक पंच एस्तेबान मारिनो सुनावणीच्या वेळी चिलीतच नव्हता. त्याला पैसे देऊन रवाना केलं हा आरोप पुढे अनेकांनी केला, मात्र तो आरोपच राहिला. समितीने ताकीद देऊन गरिंचाला सोडलं. १७ जूनला तो चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध खेळला, ब्राझील ३-१ ने जगज्जेतं झालं. त्याच उपांत्य सामन्यात चिलीच्या ओनोरिनो लांडालाही बाहेर काढलं होतं. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात तो दिसला नाही.

तारेमुळेच गरिंचा सुटला, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण तार करणाऱ्या सरकारचं काय झालं? काही नाही. ब्राझील निलंबित झाला नाही, चषक घेऊन घरी गेला.

“ते जुनं झालं, आता सरकारं गप्प बसतात”

युरो २०२४ मध्ये तुर्कीच्या मेरिह देमिरालने ऑस्ट्रियाविरुद्ध दोन गोल केले आणि आनंदात ‘लांडग्याचा’ हातवारा केला. ही खूण तुर्कीतल्या अतिउजव्या राष्ट्रवादी गटाची मानली जाते. यजमान जर्मनीच्या गृहमंत्र्यांनी लगेच टीका केली. तुर्कीने जर्मन राजदूताला बोलावून घेतलं, दुसऱ्या दिवशी जर्मनीने तुर्की राजदूताला. यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, देमिरालवर दोन सामन्यांची बंदी घातली. राष्ट्राध्यक्ष एर्दोआन उपांत्यपूर्व सामन्याला स्वतः बर्लिनमध्ये हजर राहिले, पण बंदी उठली नाही आणि तुर्की नेदरलँड्सकडून १-२ ने हरलं.

इथे दबाव चालला नाही, हे त्या मजकुराच्या बाजूने मांडायला हवं. पण दोन सरकारं एका शिक्षेच्या प्रकरणात उघडपणे उतरली आणि दोघांपैकी एकाच्याही संघटनेवर निलंबनाची पाळी आली नाही, हेही त्याच प्रकरणात घडलं.

“भारताला केलंच की निलंबित”

केलं. पण कशासाठी? कुणाची शिक्षा माफ करायला सांगितली म्हणून नव्हे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या निवडणुका रखडल्या होत्या, अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची मुदत डिसेंबर २०२० मध्येच संपली होती. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महासंघाचा कारभार प्रशासक समितीकडे सोपवला. हा फिफाच्या लेखी ‘त्रयस्थाचा हस्तक्षेप’. १५ ऑगस्टला निलंबन आलं, समिती बरखास्त झाल्यावर २६ ऑगस्टला उठलं. मधल्या अकरा दिवसांत आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या गोकुलम केरळ क्लबच्या मुली न खेळता परतल्या. मडगाव आणि नवी मुंबईतले १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने मात्र थोडक्यात वाचले.

गंमत अशी, की १९८८ पासून प्रियरंजन दासमुन्शी आणि त्यांच्यानंतर गोंदियाचे पटेल, असे पक्के राजकारणी महासंघाच्या खुर्चीत होते, आणि त्याबद्दल फिफाची कधी तक्रार नव्हती. सप्टेंबर २०२२ च्या निवडणुकीत भाजपचे कल्याण चौबे यांनी बायचुंग भुतियाला ३३-१ ने हरवलं, तेही चाललं. चौबे माजी गोलरक्षक आहेत, हे खरं. पण राजकारणी खुर्चीत बसला तर तो पदाधिकारी आणि न्यायालय दारात आलं तर हस्तक्षेप, असा हा हिशेब आहे. नियम संघटनेच्या कारभाराचा आहे. एखाद्या खेळाडूच्या शिक्षेबद्दल कोण कुणाच्या कानाला लागलं, हे त्या चाळणीत सापडतच नाही.

आणि उलटा मजकूर: “ट्रम्पनी रोनाल्डोची बंदी उठवली”

हाही तितकाच सैल. १३ नोव्हेंबर २०२५ ला डब्लिनमध्ये आयर्लंडच्या दारा ओ’शेला कोपर मारल्याबद्दल रोनाल्डोला लाल कार्ड मिळालं. १८ तारखेला तो व्हाइट हाउसमध्ये सौदी युवराजांसाठीच्या मेजवानीला होता, फिफाचे अध्यक्ष इन्फान्टिनोही होते. २५ तारखेला निर्णय आला: तीन सामन्यांची बंदी, त्यातल्या दोन सामन्यांची अंमलबजावणी एका वर्षासाठी स्थगित. एक सामना तो आर्मेनियाविरुद्ध आधीच मुकला होता, म्हणजे २०२६ च्या विश्वचषकाची वाट मोकळी झाली.

बंदी उठलेली नाही, टांगती राहिली. फिफाच्या शिस्तपालन नियमांच्या कलम २७ मध्ये तशी तरतूद आहे आणि पोर्तुगालसाठी २२६ सामन्यांतलं त्याचं ते पहिलंच लाल कार्ड होतं. ट्रम्प यांनी शब्द टाकला याचा पुरावा कुणी दिलेला नाही. मेजवानीच्या यादीतून तसा पुरावा निघत नाही. फक्त, शिक्षा देणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष आणि शिक्षेची वाट बघणारा खेळाडू राष्ट्राध्यक्षांच्या घरी एकाच संध्याकाळी जेवले, हे फिफाला अडचणीचं वाटलं नाही. नेव्हिस यांना निदान तार तरी करावी लागली होती.